गॅस झालाय, सकाळी बघू

(आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरील आरोग्यविषयक भाषणाचे संपादित रूप)



रात्री अकरा-साडेअकराची वेळ. जेवणं होऊन गेलेली, कोलंबीचं कालवण जरा जास्तच झालेलं. घरातला साठीचा माणूस छातीच्या मधोमध हात ठेवून अंथरुणात उठून बसतो. "कसंतरीच होतंय गो," म्हणतो. बायको ओवा नि काळं मीठ आणून देते. मग सोडा. एक ढेकर येते, जरा बरं वाटतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कपाळावर घाम फुटतो, म्हणून पंखा वाढवतात. मुंबईला मुलाला फोन करायचा का, यावर घरात बोलणं होतं आणि 'एवढ्या रात्री पोराला कशाला घाबरवायचं' असं ठरतं. घाटी चढून वर रस्त्याला जायचं, तिथे रिक्षावाल्याला उठवायचं, त्यापेक्षा 'गॅस झालाय, सकाळी बघू' हे सगळ्यांनाच सोपं वाटतं. सकाळी सहा-सात वाजता मंडळी दवाखान्याच्या दारात उभी असतात. मी इसीजीची पट्टी हातात घेतो तेव्हा मधले ते सात तास मला त्या कागदावर दिसत असतात.

रत्नागिरीत इतकी वर्षं वैद्यकीय व्यवसाय केल्यावर ही हकिगत मी इतक्यांदा ऐकली आहे, की पुढचं वाक्य कोणतं येणार ते मला ठाऊक असतं. माणसं बदलतात, कालवण बदलतं. कधी कोलंबीच्या जागी फणसाची भाजी असते. सोडा मात्र कायम असतो.

आज मला बोलायचंय ते या सात तासांविषयी. आपल्याकडे कुणी दगावलं की आपण म्हणतो, रस्ते वाईट, हॉस्पिटल लांब, काय करणार! रस्ते वाईट आहेत हे मी नाकारत नाही, त्या रस्त्यांनी मीही फिरतो. पण माझ्या अनुभवात हृदयविकाराच्या रुग्णाचा सर्वात जास्त वेळ रस्त्यात जात नाही. तो घरात जातो, खाटेवर बसून.

आधी थोडं हृदयाविषयी. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या अवयवाला स्वतःच्या स्नायूंसाठीही रक्त लागतं, आणि ते आणणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी बारीक असतात. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी फिरवतात ते आठवा. पाटात गाळ साठत गेला तरी थंडीच्या दिवसांत बाग तग धरते. कडक उन्हाळ्यात पाण्याची गरज वाढली की टोकाच्या पोफळी माना टाकायला लागतात. हृदयाचंही तसंच आहे. वाहिनी आतून चरबीच्या थराने अरुंद झालेली असली तरी बसल्या जागी काही जाणवत नाही. श्रम केले, हृदयाला जास्त रक्त लागलं, की छातीत तक्रार सुरू होते आणि विसावा घेतला की थांबते. हा झाला अंजायना. आणि त्या थराला एखाद्या दिवशी अचानक चीर गेली, त्यावर रक्ताची गुठळी जमली आणि वाहिनी बंद झाली, तर तो हार्ट अ‍ॅटॅक. पाणी पूर्ण तुटलं की अर्ध्या तासाच्या आत त्या भागातले स्नायू मरायला लागतात, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही.

अंजायनाचं पहिलं नेमकं वर्णन लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ साली तिथल्या वैद्यांपुढे केलं. त्या काळी इसीजी नव्हता, रक्ताच्या तपासण्या नव्हत्या. त्यांनी फक्त रुग्णांचं बोलणं नीट ऐकून घेतलं. चालताना, त्यातून चढावर आणि जेवण झाल्या झाल्या, छातीत आवळून येतं आणि उभं राहिलं की जातं, असं त्यांनी सांगितलं. अडीचशे वर्षं झाली, या वर्णनात फारसं काही बदलावं लागलेलं नाही.

चढावर आणि जेवणानंतर! हे आपल्या कोकणासाठीच लिहिलंय असं मला नेहमी वाटतं. मोठ्या शहरात हृदयाची परीक्षा घ्यायला माणसाला चालत्या पट्ट्यावर चालवतात. आपल्याकडे घाटी आहे. गेल्या शिमग्यापर्यंत जी घाटी तुम्ही एका दमात चढत होता, तिच्या मध्यावर यंदा थांबावं लागत असेल, तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. गंमत अशी, की माणसं हे थांबणं लपवतात, आणि स्वतःपासूनच लपवतात. कुणी मध्येच उभं राहून खाडीकडे बघतो, कुणी चपलेचा अंगठा नीट करतो, कुणी भेटेल त्याला थांबवून आंब्याच्या मोहोराची चौकशी करतो. दोन मिनिटांत छातीतलं आवळणं जातं आणि गडी पुढे चालू लागतो. घरच्यांना वाटतं, अण्णांना हल्ली गप्पांची आवड लागली.

असं थांबणं तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या ध्यानात आलं, तर त्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि तीच तक्रार आता कमी श्रमांत येऊ लागली, आधीपेक्षा जास्त वेळ टिकू लागली, किंवा बसल्या बसल्या, झोपेतून उठवून येऊ लागली, तर आठवडा नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला. पाट आता बंद होण्याच्या बेतात आहे, असा त्याचा अर्थ असतो.

आता एक आमच्याकडची, म्हणजे डॉक्टरांकडची, चूक सांगतो. आम्ही विचारतो, "छातीत दुखतं का?" रुग्ण म्हणतो, "नाही." आणि तो खरं बोलत असतो. त्याला दुखत नसतं. त्याला आवळतं, जड वाटतं, कोंडल्यासारखं होतं, जळजळतं. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "दुखत काय नाय रे, पण कुणी उरावर पाटा ठेवल्यासारखा वाटता." हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच असतं. ते बोटाने दाखवता येत नाही. माणूस सबंध तळवा किंवा मूठ छातीवर ठेवून दाखवतो. ते डाव्या हातात उतरतं, कधी दोन्ही हातांत, कधी गळ्यात, खालच्या जबड्यात, पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये किंवा पोटाच्या वरच्या भागात. हा शेवटचा भागच आपल्याला फसवतो, कारण तिथलं सगळं आपण पित्ताच्या खात्यावर टाकतो. सोबत थंड घाम, मळमळ, उलटी, दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि रुग्णांना नीट सांगता येत नाही अशी एक विलक्षण भीती असू शकते.

तुम्ही म्हणाल, मग पित्त कोणतं आणि हृदय कोणतं, हे घरी ओळखायचं कसं? उत्तर असं, की खात्रीने ओळखता येत नाही. मलाही नुसतं बघून येत नाही. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असं समजू नका. हार्ट अ‍ॅटॅकमध्येही ढेकरा येतात. एका बोटावर दाखवता येणारी, दाबल्यावर किंवा दीर्घ श्वास घेतल्यावर वाढणारी टोचणी बहुधा हृदयाची नसते, पण 'बहुधा' या शब्दावर रात्र काढू नये. इसीजीला काही मिनिटं लागतात. तोही कधी कधी सुरुवातीला चांगला येतो, म्हणून तक्रार चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करावी लागते. 'इसीजी नॉर्मल आलाय, चला घरी' अशी घाई नातेवाइकांनी करू नये.

बायकांच्या बाबतीत आणि मधुमेही माणसांच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड होते. छातीतल्या दडपणाऐवजी नुसता दम लागणं, गळून गेल्यासारखं वाटणं, मळमळ, जबडा किंवा पाठ भरून येणं एवढंच पुढे येऊ शकतं. मधुमेह जुना असेल तर वेदना वाहून नेणाऱ्या नसा बोथट झालेल्या असतात, त्यामुळे अ‍ॅटॅक येऊन जातो आणि कळतही नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो होतोच, तरी एकदा घरातच चुकलो. माझी आत्या गुहागरकडे असायची. मधुमेह बरीच वर्षं. एका संध्याकाळी तिचा फोन आला: दोन दिवस अंगात त्राण नाही, मळमळतंय, जबडा ठणकतोय, दातांचं असेल. मी विचारलं, "आत्ये, छातीत दुखतं का?" ती म्हणाली, "नाही रे." झालं, माझं समाधान झालं. दवाखान्यात गर्दी होती. पित्ताची गोळी सांगितली, उद्या-परवा इकडे ये म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती धापा टाकत, पायांवर सूज घेऊन. हृदयाचा मोठा भाग तोवर निकामी झाला होता. त्यानंतर ती चार वर्षं जगली. पण परसातल्या विहिरीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसायची. तिने मला कधी बोल लावला नाही. "तुला तरी काय ठाऊक," म्हणायची. मला ठाऊक असायला हवं होतं. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या मधुमेही बाईने 'मळमळतंय, गळून गेल्यासारखं झालंय' म्हटलं, की मी फोनवर गोळी सांगत नाही.

घरात वेळ का जातो? एक कारण म्हणजे, 'आपल्याला काही होणार नाही' असं प्रत्येकाला वाटतं. हृदयशस्त्रक्रियेत ज्यांचं नाव महाराष्ट्रात घरोघर माहीत होतं, ते डॉ. नितू मांडके २२ मे २००३ रोजी हृदयविकारानेच गेले. वय होतं पंचावन्न. आणि वयाचं म्हणाल, तर बावन्न देशांतल्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. ही सरासरी आहे, म्हणजे चाळिशीतलेही त्यात आले.

अभिनेते श्रेयस तळपदे यांचा प्रसंग अनेकांनी वाचला असेल. १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण संपवताना त्यांना एकदम दम लागला, डावा हात दुखू लागला. वय सत्तेचाळीस. दिवसभर अ‍ॅक्शनची दृश्यं केली होती, त्यामुळे स्नायू आखडला असेल असं त्यांना वाटलं. गाडीत बसल्यावर सरळ हॉस्पिटलला जावं असं मनात आलं होतं, पण आधी घरी जाऊ म्हणून ते घरी गेले, असं त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. पत्नीने अवस्था पाहिली आणि दहा मिनिटांत त्यांना घेऊन निघाली. हॉस्पिटल डोळ्यांसमोर दिसत असताना गाडीतच त्यांची शुद्ध गेली, हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून, विजेचे धक्के देऊन ते सुरू केलं, अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. त्या बाईंनी 'जरा पडा, मग बघू' म्हटलं असतं तर? आणि हे मुंबईत, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असताना. आपली वाडी तिथे धरून बघा.

दुसरं कारण आपल्या कोकणाचं खास. घरात दोघं म्हातारी, मुलगा मुंबईला. निर्णय त्याच्या फोनवर अवलंबून. तो बिचारा बोरिवलीत बसून काय ठरवणार? माझी मुंबईच्या मुलांना विनंती आहे: आईचा असा फोन आला तर 'काय खाल्लं होतं' हे विचारत बसू नका. शेजाऱ्याला फोन करा आणि गाडी काढायला सांगा. तिसरं कारण खर्चाची धास्ती. अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत घालून ठेवा आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आता, घाई कशासाठी करायची? १९९६ साली जुन्या अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून मांडले गेले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासात मिळालं, तर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जीव वाचतात. दुसऱ्या तासात मिळालं तर ३७. तिसऱ्या तासात २६. इंजेक्शन तेच, फरक फक्त घड्याळाचा. ओव्याचा एक तास, सोड्याचा एक तास, फोनचा एक तास, असा हिशोब तुम्हीच करा.

म्हणूनच जायचं कुठे, याला महत्त्व आहे. पुष्कळ नातेवाईक रुग्णाला गाडीत घालून थेट कोल्हापूरची किंवा मुंबईची वाट धरतात. मोठं हॉस्पिटल ते चांगलं, ही समजूत. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. हे सगळं अंतर रुग्ण बंद वाहिनी घेऊन जातो आणि वाटेत हृदय थांबलं तर गाडीत कोणीही नसतं. त्यापेक्षा आधी जवळचं असं ठिकाण गाठा जिथे रात्री इसीजी निघतो आणि डॉक्टर हजर असतात: रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, कामथे, कळंबणी किंवा दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, तुमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा एखादं खासगी. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणं शक्य नसेल, तर ते इंजेक्शन आधी द्यावं आणि मग पुढे पाठवावं, ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. वाहिनी थोडी तरी उघडली, की पुढचा प्रवास पुष्कळ सुरक्षित होतो. जिल्ह्यातच, चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात हृदयावरचे पुढचे उपचार होतात, तेव्हा दरवेळी घाट चढायलाच हवा असंही नाही.

घरात नेमकं काय करायचं? रुग्णाला चालवू नका. हे मी दोनदा सांगतो: चालवू नका. घाटी असेल तर खुर्चीत बसवून चौघांनी उचला. पूर्वी आपण डोलीतून माणसं नेलीच ना! दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून आणतात, तेही नको, आणि रुग्णाने स्वतः गाडी चालवणं तर मुळीच नको. १०८ ला फोन लावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. ती यायला फार उशीर लागणार असं कळलं तर मिळेल त्या चारचाकीने निघा. तोवर पाठीला आधार देऊन बसतं ठेवा, कपडे सैल करा, खायला काही देऊ नका.

अ‍ॅस्पिरिन ही साधी, स्वस्त गोळी इथे मोठं काम करते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत नुसत्या अ‍ॅस्पिरिनने मृत्यू एक पंचमांशाहून अधिक कमी झाले. ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, गिळायची नाही. मात्र फोनवर डॉक्टरांना किंवा १०८ वरच्या डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, पोटात रक्तस्राव झालेला असेल किंवा पक्षाघाताची लक्षणं असतील तर देऊ नये. डोकेदुखीची कुठलीही गोळी म्हणजे अ‍ॅस्पिरिन नव्हे, पाकीट वाचा. जिभेखालची सॉर्बिट्रेट ज्याला आधीपासून लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी, आणि बसून घ्यावी. तिने रक्तदाब एकदम उतरतो. शेजारच्या काकांच्या डबीतली उसनी घेऊ नये.

आणि माणूस कोसळलाच, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबलाय किंवा नुसते घोरल्यासारखे आचके येतायत, तर त्याला कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध, हाडावर, एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ धरून दाबा: पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दर खेपेला छाती पुन्हा वर येऊ देत. दुसऱ्याने १०८ लावावा. थकलात तर माणूस बदला, पण मदत येईपर्यंत थांबू नका. बरगडी मोडेल अशी भीती वाटते. मोडली तर जोडता येते.

तंबाखू, बिडी, मशेरी, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वडिलांना किंवा भावाला कमी वयात आलेला अ‍ॅटॅक, याविषयी तुम्ही इतकं ऐकलंय की मी पुन्हा लांबण लावत नाही. एवढंच, की ज्यांच्या नावापुढे यांतलं काही आहे त्यांनी पित्तावर विश्वास जरा कमी ठेवावा. आणि रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवलं आणि गॅसच निघाला, तर लाज वाटून घेऊ नका. मला असं उठवलेलं चालतं. इसीजी चांगला आला की मीही निवांत झोपतो.

आज घरी एक काम करा. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला जाड पेनाने चार गोष्टी लिहा. १०८. रात्री गाडी काढील अशा वाडीतल्या दोन माणसांचे नंबर. रात्री इसीजी निघणारं सर्वात जवळचं ठिकाण. हे आधी स्वतः जाऊन विचारून या, ऐकीव नको. आणि घरातल्या प्रत्येकाला चालू असलेल्या गोळ्यांची नावं. कागद वाचायला चष्मा लागत असेल तर अक्षर मोठं काढा. रात्री चष्मा सापडत नाही.